‘कांगारू’ म्हणजे ‘मला माहीत नाही’? त्या माणसाला चांगलं माहीत होतं!

भारत-ऑस्ट्रेलिया सिरीज सुरू झाली की आपल्या पेपरांत ‘कांगारूंची शिकार’, ‘कांगारूंना लोळवलं’ असल्या हेडलाइन्स ठरलेल्या असतात आणि त्यांच्या मागोमाग व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड पण ठरलेला असतो. कॅप्टन कुक ऑस्ट्रेलियात उतरला, उड्या मारत जाणारा एक विचित्र प्राणी त्याला दिसला, तिथल्या माणसाला त्याने विचारलं की याला काय म्हणतात, तो माणूस म्हणाला ‘कांगारू’, म्हणजे त्याच्या भाषेत ‘मला माहीत नाही’, किंवा ‘तू काय बोलतोयस ते कळत नाही’, आणि साहेबाने तेच प्राण्याचं नाव समजून डायरीत लिहून घेतलं. क्विझमध्ये हा प्रश्न असतो, मुलांना आपण हे कौतुकाने सांगतो, आणि ऐकणारा हसतो.

पण ही गोष्ट खोटी आहे. नुसतं ‘काही लोकांना शंका आहे’ असं नाही, त्याच भागात जाऊन राहून, तीच भाषा शिकून, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून हे तपासलं गेलंय आणि त्यालाही आता पन्नास वर्षं होऊन गेली. नाव कुठून आलं, कोणी दिलं, त्याचा खरा अर्थ काय, आणि चुकीची गोष्ट जन्माला कशी आली, हे सगळं सरळ सांगता येतं, आणि खरी गोष्ट त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी जास्त भारी आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी जहाज तिथे थांबलंच का?

कुकचं जहाज होतं ‘एंडेव्हर’. १७६८ च्या ऑगस्टमध्ये ते इंग्लंडहून निघालं, ताहितीला जाऊन शुक्राचं सूर्यावरून होणारं संक्रमण बघितलं, न्यूझीलंडचा किनारा पालथा घातला आणि एप्रिल १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागलं. तिथून ते उत्तरेकडे सरकत होते, आणि ११ जून १७७० च्या रात्री जहाज ग्रेट बॅरिअर रीफच्या प्रवाळावर आदळलं. वजन कमी करायला तोफासुद्धा समुद्रात फेकल्या, तळाला भोक पडलेलं, आणि नशीब असं की प्रवाळाचा एक तुकडा तुटून त्याच भोकात अडकून बसला होता म्हणून पाणी थोडं तरी कमी आत येत होतं. कसंबसं जहाज एका नदीच्या मुखात आणून किनाऱ्याला लावलं. ती नदी म्हणजे आजच्या क्वीन्सलँडमधल्या कुकटाउन गावाजवळची एंडेव्हर नदी. तिथल्या लोकांचं त्या नदीचं नाव आहे वालुंबाल बिरी.

दुरुस्ती आणि चांगल्या वाऱ्याची वाट बघणं यात साधारण सात आठवडे गेले, ४ ऑगस्टला ते निघाले. हे सात आठवडे लक्षात ठेवा, कारण फॉरवर्डमध्ये असं चित्र असतं की कोणीतरी बोट दाखवलं, कोणीतरी एक शब्द बोललं आणि विषय संपला. प्रत्यक्षात हे लोक दीड महिन्याच्या वर तिथे मुक्कामाला होते.

नाव नेमकं कधी लिहिलं गेलं?

२२ जूनला कबुतरं मारायला पाठवलेल्या खलाशांनी पहिल्यांदा हा प्राणी पाहिला, शिकारी कुत्र्याएवढा, उंदराच्या रंगाचा आणि भयंकर वेगाने पळणारा असं त्यांनी येऊन सांगितलं. दोन दिवसांनी खुद्द कुकलाही तो दिसला. त्याने लिहून ठेवलंय की पळताना सशासारख्या किंवा हरणासारख्या उड्या मारत जातो. पण नाव काय हे कोणालाच कळलेलं नव्हतं, कारण तोवर तिथल्या माणसांशी भेटच झाली नव्हती. माणसं होती आसपास, ती लांबून बघत होती.

१० जुलैला भेट झाली. ही माणसं गुगु यिमिथिर भाषा बोलणारी. (‘गुगु’ म्हणजे भाषा, बोली, आणि ‘यिमि’ म्हणजे ‘हे’, म्हणजे ज्या बोलीत ‘हे’ला ‘यिमि’ म्हणतात ती बोली, असं त्या नावाचं बांधकाम आहे, शेजारच्या बोलींपासून स्वतःला वेगळं ओळखायची त्यांची ही पद्धत.) पुढचे काही दिवस येणं-जाणं सुरू झालं. जहाजावर जोसेफ बँक्स नावाचा श्रीमंत तरुण निसर्गशास्त्रज्ञ होता, त्याच्या १२ जुलैच्या नोंदीत ‘कांगुरू’ हा शब्द आहे, आणि लिखित स्वरूपात हा शब्द सापडण्याची ही सगळ्यात जुनी जागा मानली जाते. १४ जुलैला जॉन गोअर नावाच्या अधिकाऱ्याने पहिला कांगारू मारला, दुसऱ्या दिवशी तो शिजवून खाल्ला, आणि मग नंतर आणखी एक मोठा नर मारला. कुकने निघताना, ४ ऑगस्टच्या नोंदीत, इथले लोक याला ‘कांगूरू’ किंवा ‘कांगुरू’ म्हणतात असं लिहिलंय.

जहाजावरच्या लोकांनी फक्त हा एक शब्द लिहून घेतलेला नाही. कुक, बँक्स आणि चित्रकार सिडनी पार्किन्सन, तिघांनीही शब्दांच्या याद्या केल्या, डोळ्याला काय म्हणतात, नाकाला काय, हाताला काय, असं. बिचारा पार्किन्सन परतीच्या वाटेवर १७७१ च्या जानेवारीत आजारी पडून समुद्रातच वारला, पण त्याची यादी राहिली. आणि या याद्यांमधल्या शब्दांपैकी ‘मील’ म्हणजे डोळा, ‘मंगल’ म्हणजे हात, हे शब्द गुगु यिमिथिर माणसं आजही वापरतात. म्हणजे ऐकणाऱ्यांचे कान बऱ्यापैकी शाबूत होते आणि सांगणारे नीट विचार करून सांगत होते.

मग खरा अर्थ काय?

मूळ शब्द आहे ‘गङुरु’. अर्थ, करड्या किंवा काळपट रंगाच्या मोठ्या कांगारूची एक विशिष्ट जात. इतकंच. कुठलं रूपक नाही, ‘उडी मारणारा’ असाही अर्थ नाही, ‘माहीत नाही’ तर अजिबात नाही. वाघाला वाघ म्हणावं तसं सरळ नाव.

मुद्दाम ‘ङ’ लिहिलाय. आपण शाळेत क ख ग घ ङ म्हणतो आणि मग आयुष्यभर ‘वाङ्मय’ सोडलं तर ङ कुठे लिहायला मिळत नाही, पण गुगु यिमिथिरमध्ये तो स्वतंत्र, ठणठणीत व्यंजन आहे, शब्दाच्या सुरुवातीला पण येतो. ‘गङुरु’मध्ये ङ नंतर ग नाही. बँक्सने तो रोमन लिपीत दोन अक्षरं जोडून लिहिला, वाचणाऱ्या इंग्रजांनी त्यात ङ आणि ग असे दोन आवाज वाचले, आणि तो जास्तीचा ग तिथून कायमचा चिकटला, आपल्या ‘कांगारू’मध्ये पण आहे.

आणि सुरुवातीच्या ‘ग’चा ‘क’ कसा झाला? आपल्याला क आणि ग वेगळे ऐकू येतात कारण मराठीत त्यांच्यामुळे अर्थ बदलतो, काळा आणि गाळा एक नाही. गुगु यिमिथिरमध्ये असा फरकच नाही, एकच ध्वनी आहे आणि तो परक्या कानाला कधी क वाटतो कधी ग वाटतो. बँक्सच्या कानाला क वाटला. म्हणून ‘गङुरु’चं ‘कांगुरू’ झालं. ऐकण्यात झालेली चूक म्हणायची तर ती एवढीच.

पण मग ‘माहीत नाही’ हे आलं कुठून?

इथे गोष्ट खरी रंगते. पन्नास वर्षं पुढे जाऊ, १८२० साल. फिलिप पार्कर किंग नावाचा नौदल अधिकारी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे नकाशे बनवत होता, तो त्याच एंडेव्हर नदीवर आला आणि त्यानेही शब्द गोळा केले. बाकीचे बरेच शब्द कुकच्या यादीशी जुळले. पण कांगारूला काय म्हणतात असं विचारल्यावर त्याला मिळालेला शब्द ‘मिन्नार’च्या जवळपासचा होता. ‘कांगारू’ नाहीच!

मग लोकांनी तर्क केला की बाकी सगळं जुळतंय आणि हाच एक शब्द जुळत नाही, म्हणजे कुकने इथे गडबड केली असणार, समोरचा माणूस भलतंच काहीतरी बोलला असणार. एकोणिसाव्या शतकात हा संशय फिरत राहिला, आणि फिरता फिरता त्यात ‘भलतंच काहीतरी’च्या जागी एक छान चटपटीत उत्तर बसलं, ‘मला माहीत नाही’. याला पुरावा कधीच नव्हता. गुगु यिमिथिरमध्ये ‘मी’ला ‘ङयु’ म्हणतात आणि ‘नाही’ला ‘गारी’. ‘गङुरु’मध्ये यातलं काहीच नाही. पण ती भाषा येणाऱ्या माणसाला कोणी विचारलं असतं तर ना!

मग किंगला वेगळा शब्द कसा मिळाला? याचं उत्तर आपल्या मासळी बाजारात आहे. समजा एक परदेशी माणूस भाऊच्या धक्क्यावर गेला, टोपलीत पडलेल्या सुरमईकडे बोट करून कोळीणमावशीला खाणाखुणांनी विचारलं की हे काय? मावशी म्हणाली ‘सुरमई’. दुसऱ्या वर्षी दुसरा परदेशी आला, त्याने पण तसंच बोट केलं, दुसऱ्या मावशीला वाटलं की याला काहीच कळत नाही, याला मुळातून सांगावं, ती म्हणाली ‘मासळी’. दोघी खरंच बोलल्या. आता त्या दोन परदेशी माणसांच्या वह्या शेजारी ठेवून कोणी तिसऱ्याने असा निष्कर्ष काढला की ‘सुरमई’ म्हणजे मराठीत ‘मला काय विचारता’ असणार, तर आपल्याला कसं वाटेल?

किंगला मिळालेला शब्द बहुधा ‘मिन्ह’ हा होता. गुगु यिमिथिरमध्ये खाण्यायोग्य प्राण्यांना, मांसाला मिळून ‘मिन्ह’ म्हणतात, आणि खाण्यायोग्य वनस्पतींना ‘मयि’. हे गटाचं नाव झालं. ‘गङुरु’ हे त्या गटातल्या एका जातीचं नाव. कुकच्या लोकांना जास्त नेमकं उत्तर मिळालं होतं आणि किंगला ढोबळ, पण जगाने ढोबळ उत्तरावरून नेमक्या उत्तराला खोटं ठरवलं.

खरं-खोटं ठरवलं कोणी?

सगळ्यात आधी वॉल्टर रॉथ यांनी. हे डॉक्टर आणि क्वीन्सलँडमधल्या आदिवासी समाजांचे अभ्यासक, १८९८ मध्ये त्यांनी एका ऑस्ट्रेलियन पेपरला पत्र लिहून स्पष्ट सांगितलं की कुकटाउनकडच्या भाषेत हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ कांगारूच आहे. पत्र छापून आलं आणि डिक्शनऱ्या लिहिणाऱ्यांनी ते पाहिलंच नाही. एक साधं पत्र वेळेवर वाचलं गेलं असतं तर पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं ही दंतकथा पुस्तकांमधून फिरली नसती, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन हॅविलँड हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ कुकटाउनच्या उत्तरेला होपव्हेल नावाच्या वस्तीत गेला, तिथे राहिला, गुगु यिमिथिर शिकला. त्याच्या हातात कुक आणि मंडळींच्या याद्या होत्याच. तो शब्द गावात जिवंत होता, त्याच अर्थाने. १९७४ मध्ये त्याने कुकच्या शब्दयादीवर लेख लिहून एकेक शब्द तपासून मांडला. जहाजावरच्या लोकांनी कुठे काय ऐकलं, कुठे चुकलं, सगळं. आणि ‘कांगारू’ हा त्यातला बरोबर ऐकलेला शब्द निघाला.

त्याच मुक्कामात बँक्सच्या लोकांनी आणखी एका प्राण्याचं नाव टिपलं होतं, मांजराएवढा ठिपक्यांचा मांसाहारी प्राणी, आज त्याला ‘क्वोल’ म्हणतात. तो शब्दही गुगु यिमिथिरचाच आहे. त्याच्याबद्दल कोणी ‘माहीत नाही’ची गोष्ट रचली नाही, कारण क्वोल कोणाला माहीत नाही आणि कांगारू सगळ्या जगाला माहीत आहे. दंतकथा पण प्रसिद्ध माणसं-प्राणी बघूनच चिकटतात.

दुभाष्या नव्हता, मग एकमेकांचं कळलं कसं?

हा प्रश्न रास्त आहे. जहाजावर तुपाइया नावाचा ताहितीचा पुरोहित आणि दर्यावर्दी होता, न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांशी त्याला बोलता आलं कारण त्या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत. ऑस्ट्रेलियात त्याची भाषा चालली नाही, इथल्या भाषांचं घराणंच वेगळं. तरीही एंडेव्हर नदीवर तिथल्या लोकांजवळ जाऊन आधी विश्वास कमावला तो त्यानेच.

आणि प्राण्याचं नाव विचारायला दुभाष्या लागतोच असं नाही. समोर वस्तू असली, दोन्हीकडच्या माणसांना बोलायची इच्छा असली, आणि हाताशी एक दिवस नसून आठवडे असले की नावं कळतात, परक्या प्रांतात कामाला गेलेला कुठलाही माणूस हे सांगेल. शिवाय तिघं वेगवेगळे लिहिणारे, तिघांकडे साधारण एकच शब्द. ‘माहीत नाही’ हे वाक्य तिघांनी स्वतंत्रपणे त्याच प्राण्याच्या नावापुढे लिहावं हे पटण्यासारखं नाही.

संवाद किती खोल झाला होता हे बघायचं असेल तर कासवांचा प्रसंग बघा. १९ जुलैला काही गुगु यिमिथिर माणसं जहाजावर आली, डेकवर डझनभर मोठी समुद्री कासवं पडलेली. ती त्यांच्या पाण्यातून, त्यांना न विचारता धरलेली. त्यांनी एक मागितलं, खलाशांनी दिलं नाही. चिडून ते किनाऱ्यावर उतरले आणि तळाभोवतीच्या वाळलेल्या गवताला आग लावली. कुकने बंदुकीतून छर्रे मारले, एक जण जखमी झाला. आणि मग थोड्या वेळाने एक वृद्ध माणूस टोक नसलेला भाला हातात घेऊन पुढे आला, भांडण नको अशी ती खूण, आणि दोन्हीकडच्यांनी हत्यारं खाली ठेवली. तिथल्या लोकांच्या परंपरेत ती नदीकाठची जागा मुद्दाम रक्त सांडायची नाही अशी मानलेली होती. एकमेकांची भाषा नीट न कळता इतका मोठा तह झाला, आणि आपण म्हणतो की त्यांना एका प्राण्याचं नाव सांगता आलं नाही.

पण अशा गफलती होतच नाहीत का?

होतात की! आणि कांगारू याच शब्दाबाबत एक खरीखुरी गफलत झाली, फक्त ती उलट्या बाजूने झाली. १७८८ मध्ये इंग्रजांची पहिली वसाहत सिडनीला आली. अधिकाऱ्यांनी कुकच्या मंडळींचा शब्द पाठ केलेला, त्यांना वाटलं की ऑस्ट्रेलियात सगळीकडे एकच भाषा असणार. सिडनी आणि कुकटाउनमध्ये दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे, आणि त्या काळी ऑस्ट्रेलियात अडीचशेच्या वर भाषा बोलल्या जात होत्या. सिडनीच्या लोकांचा मोठ्या कांगारूसाठीचा शब्द होता ‘पटगरंग’. त्यांनी ‘कांगारू’ हा शब्द जन्मात ऐकला नव्हता.

मग त्यांना काय वाटलं असेल? हा इंग्रजी शब्द आहे, आणि खाण्याच्या जनावरांना हे गोरे लोक असं म्हणत असतील. वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की ‘गॉर्गन’ जहाजातून आलेल्या गाई त्याने कोलबी नावाच्या स्थानिक माणसाला दाखवल्या, तेव्हा कोलबीने विचारलं, हे कांगारू का? पुढे आणखी आत, डार्लिंग नदीकडच्या बागंजी भाषेत हाच शब्द घोड्यासाठी रुळला, कारण गोऱ्यांकडून ऐकलेला शब्द आणि गोऱ्यांसोबत आलेलं जनावर यांची त्यांनी जोडी लावली. म्हणजे आदिवासी भाषेतला एक शब्द इंग्रजीत गेला आणि इंग्रजीचा समजून दुसऱ्या आदिवासी भाषेत उतरला. मला तर हा खरा प्रवास त्या बनावट विनोदापेक्षा हजारपट आवडतो.

सिडनीकडच्या भाषेतून जगाला मिळालेले शब्द वेगळे, डिंगो, वोम्बॅट, वॉलबी, कोआला, बूमरँग हे तिकडचे. आपण हे सगळे शब्द ‘ऑस्ट्रेलियन’ म्हणून एका पोत्यात भरतो, पण ती वेगवेगळ्या लोकांची वेगवेगळी देणी आहेत.

कुकच्या आधी कोणी हा प्राणी पाहिलाच नव्हता?

तिथल्या माणसांनी पन्नास हजार वर्षांहून जास्त काळ पाहिलाय, हे आधी. युरोपियन लोकांपुरतं बोलायचं तर १६२९ मध्ये फ्रान्सिस्को पेल्सार्ट या डच माणसाचं जहाज पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर फुटलं, तिथल्या छोट्या वॉलबींचं त्याने वर्णन केलेलं आहे, पिशवीतल्या पिल्लासकट. पण वॉलबी म्हणजे कांगारूचे लहान भाऊबंद, आणि त्याने कोणतंही स्थानिक नाव आणलं नाही, त्यामुळे ते वर्णन तिथेच राहिलं. बँक्सने मात्र कातडं आणि कवटी लंडनला आणली, आणि १७७२ मध्ये जॉर्ज स्टब्ज या चित्रकाराने त्यावरून कांगारूचं तैलचित्र काढलं, प्राणी कधीही जिवंत न बघता. चित्र आणि नाव दोन्ही एकत्र युरोपभर गेलं, म्हणून ते नाव टिकलं.

आपण ज्याला कांगारू म्हणतो तो ‘गङुरु’च का?

दरवेळी नाही, आणि हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. डॉक्युमेंटरीत लाल वाळवंटात उभा असलेला, दंड फुगवलेला पहिलवान कांगारू दिसतो ना, तो लाल कांगारू, सगळ्यात मोठा, माणसाएवढा उंच आणि वजन ८०-९० किलोपर्यंत. तो कोरड्या मधल्या भागात राहतो. कुकटाउनच्या किनारी रानातला प्राणी वेगळा, करडा. गुगु यिमिथिर लोकांकडे कांगारू, वॉलबी, खडकातली वॉलबी, झुडपातली छोटी, असं प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र नाव आहे, कारण कोण कुठे चरतो, कुणाचं मांस कसं, कोणाला कसं गाठायचं हे सगळं वेगळं असतं आणि नाव चुकलं तर शिकार चुकते. इंग्रजीने त्यातलं एक नाव उचललं आणि सगळ्या मोठ्या भावंडांना लावून टाकलं. मराठीत आल्यावर तर आपण वॉलबीला पण कांगारूच म्हणतो.

एवढं मनावर घ्यायचं कारण काय, गंमतच तर आहे?

कारण त्या गमतीत एक माणूस अडाणी ठरतो. त्याच्या अंगणातला प्राणी, त्याच्या पूर्वजांनी हजारो वर्षं ज्याची शिकार केली, ज्याचं नाव त्याच्या पोरांना चालायला लागायच्या वयात येतं, तो प्राणी त्यालाच माहीत नव्हता असं आपण त्याच्या तोंडी घालतो. उलट सांगणारा माणूस इतका नेमका होता की अडीचशे वर्षांनीसुद्धा त्याचं उत्तर तपासता येतं आणि ते बरोबर येतं. आणि ते लोक काही इतिहासजमा झालेले नाहीत.

१८७३ मध्ये पामर नदीकडे सोनं सापडलं, कुकटाउन वसलं, हजारो लोक लोटले आणि गुगु यिमिथिर लोकांची जमीन, माणसं दोन्ही हिरावली गेली. १८८६ मध्ये जर्मन लुथरन मिशनऱ्यांनी केप बेडफर्डला वस्ती काढली, उरलेले बरेच लोक तिथे आले. मिशनने चालीरीतींवर बंधनं घातली हे खरं, पण प्रार्थना-शिकवण स्थानिक भाषेत होत राहिल्यामुळे भाषा तगली. मग दुसरं महायुद्ध. मिशनरी जर्मन, म्हणून मे १९४२ मध्ये सरकारने आख्खी वस्ती उचलून कितीतरी दक्षिणेला वूराबिंडाला नेऊन टाकली, थंडी आणि आजारांनी कित्येक जण गेले. जे उरले ते १९४९ पासून परत येऊ लागले आणि होपव्हेल उभं राहिलं. हॅविलँडला ‘गङुरु’ हा शब्द सांगणारे लोक यातून वाचून आलेले होते.

आज ही भाषा बोलणारे काही शेकडो लोक आहेत. भाषाशास्त्राच्या वर्गात गुगु यिमिथिर जगभर शिकवतात ती अजून एका कारणाने: जागा सांगताना ते डावं-उजवं वापरत नाहीत, उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिम वापरतात, घरात बसून शेजारच्या माणसाला ‘जरा पूर्वेला सरक’ असं म्हणतात. त्यासाठी चोवीस तास दिशांचं भान ठेवावं लागतं आणि ते त्यांना असतं.

आणि हॅविलँडचा लेख आला त्याच वर्षी, १९७४ मध्ये, एरिक डीरल हे गुगु यिमिथिर गृहस्थ क्वीन्सलँडच्या विधानसभेवर निवडून गेले, त्या सभागृहातले ते पहिले आदिवासी आमदार. नंतर त्यांनी आयुष्यातली बरीच वर्षं १७७० च्या त्या सात आठवड्यांचा इतिहास आपल्या लोकांच्या बाजूने मांडण्यात घातली, आणि तो टोक नसलेल्या भाल्याचा प्रसंग जहाजाच्या डायऱ्या आणि घरच्या आठवणी दोन्ही जुळवून सांगितला. त्यामुळे पुढच्या सिरीजला तो फॉरवर्ड आला तर उत्तरात एवढं लिहा की शब्द गुगु यिमिथिर भाषेतला आहे, आणि तो कोणत्या प्राण्याचं नाव आहे.